दोन याद्यांतील एक नाव : जिवती तालुक्यातील सीमावर्ती गावांच्या मतदानाचे प्रकरण

चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुका जिथे संपतो आणि तेलंगणाच्या कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातील केरामेरी मंडल जिथे सुरू होते, त्या डोंगराळ पट्ट्यात मुकादमगुडा, परमडोली, महाराजगुडा, अंतापूर, लेंडीगुडा, येसापूर, भोलापठार, नारायणगुडा अशी लहान लहान गावे आहेत. त्यांची संख्या कधी 12 तर कधी 14 सांगितली जाते. या गावांवर दोन राज्ये हक्क सांगत आली आहेत. हक्क सांगायचा तर नकाशावर रेघ ओढून भागत नाही, म्हणून दोन्ही राज्यांनी तिथे शाळा काढल्या, ग्रामपंचायती नेमल्या, रेशनकार्डे वाटली आणि मतदार याद्यांत नावे घातली. त्यामुळे काही हजार लोकांच्या या वस्तीत एका माणसाकडे दोन मतदार ओळखपत्रे असणे आणि एकाच गावाला दोन सरपंच असणे यांत स्थानिकांना काही नवल वाटत नाही. निवडणूक आली की वार्ताहर येतात, दोन कार्डे हातात धरलेल्या माणसांची छायाचित्रे छापून येतात आणि मतदान संपले की गावे पुन्हा विसरली जातात.

लहान ग्रामीण समाजाचा राजकीय कल कोणता, हा प्रश्न एरवी केंद्रनिहाय मतमोजणी पाहून सोडवला जातो. कोणत्या पक्षाला किती मते पडली, मागच्या वेळेपेक्षा किती घटली किंवा वाढली, कोणती भावकी कुठे गेली, एवढे कळले की गावाचा कल कळला असे आपण समजतो. या गावांपुढे ती रीत अपुरी पडते, कारण तोच मतदार दोन वेगळ्या राज्यांत, वेगळ्या पक्षांमधून, वेगळ्या उमेदवारांना मत देतो आणि दोन्ही मतांमागची त्याची गरज मात्र एकच असते. माझ्या मते या गावांचे मत हे आधी रहिवासाचा पुरावा असते आणि मग पक्षाची निवड असते. हा क्रम लक्षात घेतल्याखेरीज तिथल्या मतदानाचा अर्थ लागत नाही.

रेघ कशी पडली

राजुरा तालुका पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि आजचा जिवती तालुका त्यातूनच निघालेला आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद राज्य विभागले गेले, तेव्हा राजुरा मुंबई राज्याकडे आला. आधी तो नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि 1959 मध्ये चंद्रपूरकडे, म्हणजे तेव्हाच्या चांदा जिल्ह्याकडे गेला. कागदावर ही वाटणी स्वच्छ होती, पण या पट्ट्यात जंगल होते, वस्ती तुरळक होती आणि रेघ नेमकी कोणत्या नाल्यावरून किंवा कोणत्या टेकडीवरून जाते हे ठरवण्याची निकड तेव्हा कोणालाच वाटली नसावी.

गोंड आणि कोलाम हे या डोंगरातले जुने रहिवासी होत. पुढे, विशेषतः 1972 च्या दुष्काळानंतरच्या काळात, मराठवाड्यातून बंजारा, दलित आणि इतर समाजांची कुटुंबे इथे आली, त्यांनी जमीन साफ केली, तांडे आणि वाड्या वसवल्या. ही माणसे मराठी बोलणारी आहेत, त्यांचे सोयरसंबंध बव्हंशी महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांना स्वतःला आपण महाराष्ट्राचे आहोत असेच वाटत आले आहे. वस्ती वाढल्यावर सीमेचा वाद जागा झाला, तो न्यायालयापर्यंत गेला आणि 1997 मध्ये तो आपल्या बाजूने मिटला अशी महाराष्ट्र शासनाची भूमिका आहे. प्रत्यक्षात आंध्र प्रदेशाचे प्रशासन तिथून हटले नाही, आणि 2 जून 2014 रोजी तेलंगण राज्य झाल्यावर नव्या राज्यानेही जुन्याचीच वहिवाट चालू ठेवली. न्यायालयात मिटलेला वाद गावात चालूच राहिला, कारण तिथे दोन्ही बाजूंचा तलाठी, शिक्षक आणि मतदान अधिकारी येतच होता.

दोन वेळापत्रके आणि एक बोट

मतदानाच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या तर या गावांचे वेगळेपण लगेच दिसते. 2014 च्या लोकसभा निवडणुकीत चंद्रपूर मतदारसंघात 10 एप्रिलला मतदान झाले आणि आदिलाबाद मतदारसंघात 30 एप्रिलला. 2019 मध्ये दोन्हीकडे एकाच दिवशी, 11 एप्रिलला मतदान होते. 2024 मध्ये चंद्रपूरने 19 एप्रिलला मतदान केले, आदिलाबादने 13 मे रोजी. विधानसभेचे गणित निराळेच आहे : तेलंगणात 7 डिसेंबर 2018 आणि 30 नोव्हेंबर 2023, तर महाराष्ट्रात 21 ऑक्टोबर 2019 आणि 20 नोव्हेंबर 2024. यांत दोन्हीकडच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुका मिळवल्या तर देशातल्या इतर कोणत्याही खेड्यापेक्षा इथल्या माणसाच्या बोटाला जवळपास दुप्पट वेळा शाई लागते.

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही, निदान वरवर पाहता तरी नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1950 च्या कलम 17 नुसार कोणत्याही व्यक्तीला एकाहून अधिक मतदारसंघांच्या यादीत नाव नोंदवता येत नाही. 1951 च्या अधिनियमातील कलम 62 चे तिसरे उपकलम सांगते की सार्वत्रिक निवडणुकीत एकाच प्रकारच्या दोन मतदारसंघांत मत देता येणार नाही, आणि दिल्यास त्या व्यक्तीची सर्वच मते रद्दबातल ठरतील. लोकसभेला ही तरतूद थेट लागू पडते, कारण ती संपूर्ण देशाची एकच सार्वत्रिक निवडणूक असते. दोन राज्यांच्या, दोन वेगळ्या वर्षी होणाऱ्या विधानसभा निवडणुकांना मात्र हे उपकलम कसे लावायचे, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. कलम 17 चा भंग तिथेही होतोच, परंतु तो भंग मतदान केंद्रावर होत नाही, तो यादी तयार करतानाच झालेला असतो. यादी मतदार तयार करत नाही.

यादीत नाव घालण्याची कसोटी 'सामान्यपणे रहिवासी' असण्याची आहे. दोन्ही राज्यांच्या मते हे गाव आपल्या हद्दीत येत असेल, तर त्या गावात राहणारा माणूस दोन्हीकडच्या अर्जावर आपला पत्ता खराच लिहीत असतो. खोटी माहिती दिल्याबद्दल कलम 31 खाली शिक्षा आहे, पण इथे त्याने काय खोटे सांगितले? शहरात एक घर आणि गावी एक घर ठेवून दोन्हीकडे नाव लावणारा माणूस आणि एकाच घरात राहून दोन याद्यांत गेलेला माणूस यांना एकाच तराजूत तोलणे मला अन्यायाचे वाटते.

2019 मध्ये मतदान एकाच दिवशी असल्याने नियमांनी माणसाला कोंडीत पकडले. निवडणूक संचालन नियमांप्रमाणे डाव्या हाताच्या तर्जनीवर आधीच शाईची खूण असेल तर मत देऊ दिले जात नाही, म्हणजे सकाळी ज्या केंद्रावर जायचे तेच केंद्र, आणि म्हणून तेच राज्य, त्या दिवसापुरते निवडायचे होते. एका अर्थी या गावांना विचारलेला हा सर्वांत थेट राजकीय प्रश्न होता, आणि तो कोणत्याही मतपत्रिकेवर छापलेला नव्हता. 2024 मध्ये दोन तारखांमध्ये 24 दिवसांचे अंतर पडल्याने तो प्रश्न पुन्हा मागे गेला, आणि तेव्हा प्रशासनाला एकदाच मतदान करण्याचे आवाहन गावकऱ्यांना करावे लागले.

मतदार कार्ड हा दाखला

दोन्हीकडे मत का देता, असे विचारल्यावर इथले लोक काही लपवत नाहीत. दोन्ही सरकारांकडून लाभ मिळतो, म्हणून दोघांनाही मत देतो, असे उत्तर वृत्तपत्रांतून अनेकदा आलेले आहे. वाचणाऱ्याला त्यात चलाखी दिसते. त्या उत्तरामागची धास्ती बातमीत येत नाही.

रेशन, निराधारांचे वेतन, शिष्यवृत्ती, घरकुल यांपैकी प्रत्येक गोष्टीसाठी आपण या राज्याचे आहोत हे कागदाने सिद्ध करावे लागते. या कागदांत मतदार ओळखपत्राचे वजन किती, याचे ताजे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. 2024 साली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली, दरमहा 1,500 रुपये जाहीर झाले आणि अधिवास दाखला नसलेल्या महिलांसाठी 15 वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्म दाखला चालेल अशी सवलत देण्यात आली. जिथे जन्म दाखले दुर्मीळ आहेत आणि वयस्क बायका शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, अशा डोंगरातल्या तांड्यावर या चारांतले दोनच कागद घरात सापडणार : रेशनकार्ड आणि मतदार कार्ड. अशा घरातल्या बाईला एका राज्याच्या यादीतून नाव काढून घ्या असे सांगणे म्हणजे पुढच्या पंधरा वर्षांत येणाऱ्या प्रत्येक योजनेवर आजच पाणी सोडा असे सांगणे आहे.

तेलंगणाच्या बाजूनेही हेच. 2018 पासून तिथे रयतु बंधू योजनेखाली शेतकऱ्याला एकरी, दर हंगामाला आधी 4,000 आणि पुढे 5,000 रुपये मिळू लागले. वृद्ध आणि विधवांचे आसरा निवृत्तिवेतन 2019 मध्ये 2,016 रुपयांवर गेले, तेव्हा महाराष्ट्रातील संजय गांधी निराधार योजनेची रक्कम त्याच्या जवळपास निम्मी होती. ती 2023 मध्ये 1,500 झाली. या आकड्यांची तुलना मुंबईत किंवा हैदराबादेत बसून करणाऱ्यासाठी ती धोरणाची चर्चा असते. सीमेवरच्या गावात मात्र ती रोज होते, कारण तिथला प्रत्येक माणूस दोन सरकारांच्या कामाचे मोजमाप एकाच अंगणात बसून करू शकतो. कोणत्या राज्याने रस्ता केला, कोणाचे पाणी आले, कोणाची शाळा नियमित भरते, हे त्याला ऐकीव माहितीवरून ठरवावे लागत नाही. लोकशाहीत मतदाराकडे असावी असे आपण म्हणतो ती जाण इथे जितकी आहे तितकी क्वचितच कुठे असेल, आणि तरीही या मतदारांचा उल्लेख 'दुबार' या एका शब्दात आटोपतो.

एक समाज, दोन सूची

या प्रकरणाचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग बंजारा समाजाचा आहे, आणि गावांच्या राजकीय कलाची किल्लीही मला तिथेच दिसते. तेलंगणात लंबाडा या नावाने हा समाज अनुसूचित जमातींत मोडतो. 1976 च्या दुरुस्ती कायद्याने तेलंगण भागातील लंबाडांना तो दर्जा मिळाला. महाराष्ट्रात हाच समाज विमुक्त जातींच्या 'अ' गटात आहे आणि केंद्राच्या सूचीत इतर मागासवर्गीय आहे. म्हणजे परमडोलीतला बंजारा तरुण आसिफाबादेत अर्ज करतो तेव्हा तो आदिवासी असतो, चंद्रपुरात अर्ज करतो तेव्हा तो आदिवासी नसतो, आणि ही दोन्ही सरकारी कार्यालये तो राहतो ते गाव आपलेच असल्याचे मानतात.

याचा परिणाम फक्त नोकरी आणि शिक्षणापुरता नाही. वनहक्क कायदा 2006 मध्ये अनुसूचित जमातीच्या व्यक्तीने 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन कसत असल्याचे दाखवले तर ती दाव्यास पात्र ठरते. जमातीत नसलेल्यांना मात्र त्या तारखेपूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. हिशेब केला तर ही मुदत 1930 पर्यंत मागे जाते. 1970 च्या दशकात मराठवाड्यातून आलेल्या बंजारा कुटुंबाला महाराष्ट्राच्या सूचीप्रमाणे ही अट कधीच पूर्ण करता येणार नाही, कितीही वर्षे थांबले तरी नाही. तेलंगणाच्या सूचीप्रमाणे त्याच कुटुंबाचा त्याच शेतावरचा दावा विचारात घेता येतो. शेत एकच, नांगर एकच, आणि सीमेची रेघ कोणत्या बाजूला धरायची यावर त्या शेतकऱ्याला अतिक्रमण करणारा म्हणायचे की हक्कदार, हे ठरते.

त्यामुळे 30 जून 2023 रोजी तेलंगणाचे तत्कालीन मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी पोडू जमिनींचे, म्हणजे जंगल साफ करून कसलेल्या जमिनींचे पट्टे वाटण्याची सुरुवात आसिफाबादेतून केली, तेव्हा सीमेच्या अलीकडेही त्याकडे डोळे लागले असणार. त्यानंतर पाच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत राव यांचा भारत राष्ट्र समिती पक्ष राज्यात सत्तेबाहेर गेला, आसिफाबादची जागा मात्र त्या पक्षाच्या कोवा लक्ष्मी यांनी जिंकली. या एका निकालावरून या सीमावर्ती गावांचे मत सांगता येत नाही, पण जमिनीचा कागद हा त्या मतदारसंघात पक्षापेक्षा जड विषय आहे, एवढे म्हणायला हरकत नाही.

आदिवासी दर्जा मिळणे म्हणजे केवळ लाभ असेही नाही. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात लंबाडांना जमातींच्या सूचीतून वगळावे अशी गोंड आणि इतर आदिवासींची मागणी 2017 पासून तीव्र झाली, आणि त्या चळवळीतले एक प्रमुख नेते सोयम बापूराव 2019 मध्ये भारतीय जनता पक्षातर्फे आदिलाबादचे खासदार झाले. त्याच मतदारसंघातून 2009 मध्ये तेलुगू देसमचे रमेश राठोड, म्हणजे लंबाडा समाजातील नेते, निवडून गेले होते. आदिलाबाद आणि आसिफाबाद या दोन्ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, राजुरा आणि चंद्रपूर सर्वसाधारण आहेत. म्हणून इथला गोंड मतदार आणि बंजारा मतदार तेलंगणाच्या निवडणुकीत एकमेकांकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहू शकतात, आणि महाराष्ट्राच्या निवडणुकीत तेच दोघे रस्ता आणि पाणी या मागणीवर एका बाजूला उभे राहू शकतात. दलित कुटुंबांना तेलंगणात मत आहे, पण आपल्याच मतदारसंघातून आमदारकीला उभे राहण्याची वाट बंद आहे. एकाच वस्तीत मतदानाच्या दिवशी जातीच्या रेषा कशा पडतील, हे त्या दिवशी कोणत्या राज्याची निवडणूक आहे यावर अवलंबून राहते.

पक्षांचा हिशेब

दोन्हीकडच्या स्पर्धा इतक्या वेगळ्या आहेत की पक्षनिष्ठा सीमेपलीकडे नेताच येत नाही. राजुऱ्यात काँग्रेस आणि भाजप यांच्यासोबत शेतकरी संघटनेची जुनी परंपरा आहे, तिथून वामनराव चटप विधानसभेत गेले. आसिफाबादेत तेव्हाची तेलंगण राष्ट्र समिती, म्हणजे पुढची भारत राष्ट्र समिती, हा मुख्य पक्ष होता, आणि महाराष्ट्रात त्या पक्षाला 2023 मधील थोड्या काळाच्या प्रयत्नापलीकडे स्थान नव्हते. काँग्रेस आणि भाजप दोन्हीकडे आहेत, परंतु त्यांचे स्थानिक नेते, समाज आणि मुद्दे वेगळे आहेत. 2019 च्या लोकसभेला चंद्रपुरात काँग्रेसचे बाळू धानोरकर निवडून आले, महाराष्ट्रातली काँग्रेसची ती एकमेव जागा होती, आणि शेजारच्या आदिलाबादेत भाजप जिंकला.

काही हजार मतांनी काय होते, असे कोणी म्हणेल. आसिफाबादेत 2018 मध्ये काँग्रेसचे आत्राम सक्कू अवघ्या 171 मतांनी निवडून आले. राजुऱ्यात 2019 मध्ये काँग्रेसचे सुभाष धोटे 2,501 मतांनी आणि 2024 मध्ये भाजपचे देवराव भोंगळे 3,054 मतांनी जिंकले. एवढ्या चुरशीच्या जागांवर ही गावे कोणत्याही पक्षाला सोडवत नाहीत, आणि सीमेचा प्रश्न इतकी वर्षे न सुटण्याचे एक कारण मला इथेच दिसते. जो पक्ष दुसऱ्या राज्याच्या यादीतून नावे काढण्याचा आग्रह धरेल, त्याच्याच स्थानिक उमेदवाराला पुढच्या निवडणुकीत त्या गावांत मते मागायची असतात. दोन्हीकडच्या प्रशासनांनी नोंदी आटोपत्या घेण्याऐवजी वाढवत नेल्या, कारण प्रत्येक नोंद हा आपल्या दाव्याचा पुरावा होता.

विलीनीकरणाच्या वळणावर

जुलै 2025 मध्ये महाराष्ट्राचे महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी ही 14 गावे पूर्णपणे महाराष्ट्रात सामावून घेण्याची प्रक्रिया सुरू केल्याचे सांगितले. गावकऱ्यांची मूळ इच्छा तीच आहे आणि कायद्याची बाजूही तिकडेच झुकते, म्हणून हा निर्णय मला योग्य वाटतो. तो ज्या क्रमाने अमलात येईल त्याची मात्र मला काळजी आहे. सरकारी कामात नाव कमी करणे सोपे असते आणि हक्क नोंदवणे अवघड, म्हणून आधी तेलंगणाच्या याद्यांतून नावे निघतील, तिथले वेतन आणि रेशन थांबेल, आणि जमिनीचा प्रश्न 'तपासणी चालू आहे' या शेऱ्याखाली राहील, ही शक्यता खरी आहे. तसे झाले तर ज्या गावाने दोन राज्यांना मत दिले त्याच्या हाती एकाचाही कागद उरणार नाही.

ते टाळण्यासाठी नाव कमी करण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाच्या ताब्यातल्या शेताची मोजणी आणि सातबारावर नोंद व्हायला हवी. तेलंगणात मिळत असलेल्या वेतनाइतके वेतन त्या व्यक्तीला महाराष्ट्रात सुरू झाल्याची खात्री व्हायला हवी. तेलुगू माध्यमात शिकलेल्या मुलांना मराठी शाळेत घेताना वर्ष वाया जाणार नाही अशी सोय हवी. यातले पहिले काम सर्वांत कठीण आहे, कारण तिथे बंजारा कुटुंबांपुढे 1930 ची ती अट उभी राहते. महाराष्ट्रात सप्टेंबर 2025 मध्ये मराठा आरक्षणासाठी निजामकाळातील हैदराबाद गॅझेटचा आधार घेतला गेल्यावर बंजारा समाजानेही त्याच आधारावर अनुसूचित जमातीची मागणी करत मोर्चे काढले. ती मागणी राज्यभराची आहे आणि तिला आदिवासी संघटनांचा विरोधही आहे, त्यामुळे ती लवकर निकाली निघणार नाही. या गावांतला बंजारा शेतकरी तिची वाट पाहत थांबू शकत नाही, कारण त्याचे गाव ज्या दिवशी तेलंगणाच्या हद्दीतून निघेल त्या दिवशी त्याच्या जमातीच्या दर्जाचा आधारही जाईल, आणि त्याच्या शेताच्या दाव्याला तेव्हा कोणता नियम लावायचा हे कोणत्याही राज्याने त्याला अजून लिहून दिलेले नाही.